पसंतीचे मत : वरिष्ठ सभागृहाची निवडणूक कशी होते?



निवडणूक आपल्याला नवी नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा अशी कुठली ना कुठली निवडणूक दारात येऊन उभी असते. रांगेत उभे राहायचे, बोटाला शाई लावून घ्यायची, यंत्रावरचे बटण दाबायचे आणि घरी यायचे. मोजणीच्या दिवशी ज्याचे मत एकाने का होईना जास्त, तो निवडून आला. हिशेब सरळ आहे, शेंबड्या पोरालाही कळेल असा.

पण आपल्या राज्यात एक निवडणूक अशीही होते की तिथे बटण नाही आणि शिक्काही नाही. हातात कागद येतो, लिहायला पेन मिळते, आणि उमेदवारांच्या नावांपुढे आपण एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. ज्याला पहिली मते कमी पडली तो निवडून येतो आणि ज्याला जास्त पडली तो पडतो, असेही तिथे घडते. मग लोक म्हणतात, "हा काय घोळ आहे बुवा! यात काहीतरी काळेबेरे असणार." काळेबेरे काही नाही. हिशेब थोडा निराळा आहे, इतकेच. तो आज समजून घेऊ. तो समजला नाही तर काय होते, तेही पाहू. कारण दर निवडणुकीत चांगली शिकलेली माणसे या कागदावर चुकतात आणि त्यांचे मत बाद होते.

आधी ही निवडणूक कुणाची, ते सांगतो. दिल्लीत लोकसभेच्या जोडीला राज्यसभा आहे, तशी मुंबईत विधानसभेच्या जोडीला विधान परिषद आहे. यांना वरिष्ठ सभागृहे म्हणतात. देशात फक्त सहा राज्यांत विधान परिषद आहे आणि महाराष्ट्र त्यांतले एक. आपल्या विधान परिषदेचे सभासद ७८. त्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना जिल्हा परिषदा, नगरपालिका, महानगरपालिका यांचे सभासद निवडतात. ७ जणांना पदवीधर निवडतात, ७ जणांना शिक्षक निवडतात आणि उरलेल्या १२ जणांना राज्यपाल नेमतात. हे सभागृह कधी विसर्जित होत नाही. सभासदाची मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात. या सभागृहाला कुणी शोभेचे म्हणू नये. दुष्काळात ज्या रोजगार हमीने लाखो हातांना काम दिले, त्या योजनेचे जनक वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात याच विधान परिषदेचे सभापती होते.

राज्यसभा काय आणि विधान परिषद काय, या निवडणुकांच्या पद्धतीचे नाव राज्यघटनेतच घातलेले आहे : प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची एकल संक्रमणीय मतपद्धती. नाव ऐकूनच माणूस बिचकतो. पण फोड करून पाहा. 'एकल' म्हणजे मत एकच. 'संक्रमणीय' म्हणजे ते एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. आणि 'प्रमाणशीर प्रतिनिधित्व' म्हणजे ज्या गटाची जेवढी ताकद, तेवढ्या त्याच्या जागा.

आता हा हिशेब आपण एका गावात बसून करू. भिवंडी तालुक्यातले मानकोली घ्या. मुंबई-नाशिक महामार्गावरचे गाव, आजूबाजूला गोदामे, खाडीपलीकडे डोंबिवली. समजा, इथल्या शाळेच्या आवारात तीन झाडे लावायची आहेत आणि कोणती लावायची ते वर्गातल्या ४० मुलांनी ठरवायचे आहे. उमेदवार पाच : आंबा, फणस, चिंच, जांभूळ आणि कडुलिंब.

नेहमीच्या रीतीने प्रत्येक झाडाला हात वर करायला सांगितले आणि प्रत्येक मुलाला तीन वेळा हात वर करू दिला, तर काय होईल? २१ मुलांनी आपसांत ठरवले की तिन्ही झाडे त्यांच्या मनासारखी. उरलेल्या १९ मुलांच्या वाट्याला काहीच नाही. २१ ला तीन आणि १९ ला शून्य, हा काही न्याय नव्हे. म्हणून गुरुजी प्रत्येकाला एक कागद देतात आणि सांगतात, "सर्वांत आवडते झाड, त्याच्यापुढे १ लिही. ते नाही तर कोणते, त्याच्यापुढे २. तेही नाही तर कोणते, त्याच्यापुढे ३."

सोयीसाठी असे धरा की प्रत्येक मुलाचा कागद म्हणजे एक रुपया, म्हणजे शंभर पैसे. कायद्यातही एकाहून अधिक जागा भरायच्या असल्या की प्रत्येक वैध कागदाची किंमत १०० च धरतात. तेव्हा ४० कागदांचे झाले ४,००० पैसे.

निवडून यायला किती पैसे लागतील? त्याला कोटा म्हणतात. जागांमध्ये एक मिळवायचा, त्या संख्येने एकूण किमतीला भागायचे, अपूर्णांक उरला तर सोडायचा आणि आलेल्या उत्तरात एक मिळवायचा. जागा तीन, म्हणून भागाकार चारने. ४,००० भागिले ४ म्हणजे १,०००, अधिक १, म्हणजे १,००१. हाच आकडा का? कारण तिघांना १,००१ मिळू शकतात, पण चौघांना मिळू शकत नाहीत. चौघांचे ४,००४ होतील आणि आपल्या गाठीला आहेत ४,०००. जागांपेक्षा जास्त उमेदवार निवडून येणार नाहीत, असा हा नेमका आकडा आहे.

गुरुजींनी पहिल्या पसंतीचे कागद वेगळे केले. आंब्याला १८, जांभळाला ७, चिंचेला ६, फणसाला ५, कडुलिंबाला ४. आंब्याचे झाले १,८०० पैसे. कोटा १,००१. म्हणजे आंबा निवडून आला आणि त्याच्याकडे ७९९ पैसे जादा उरले.

इथे ही पद्धत नेहमीच्या पद्धतीपासून वेगळी होते. नेहमीच्या निवडणुकीत जादा मते तशीच पडून राहतात. इथे तसे नाही. आंब्याचे काम १,००१ पैशांत झाले, उरलेले ७९९ पैसे मतदारांचे आहेत, ते त्यांना परत करायचे. पण कुणाला परत करायचे? चिठ्ठ्या टाकून काही कागद उचलायचे का? नाही. सर्व १८ कागदांना सारखे वाटायचे. ७९९ भागिले १८, उत्तर ४४, वरचा अपूर्णांक सोडून द्यायचा. म्हणजे आंब्याला १ देणाऱ्या प्रत्येक मुलाच्या रुपयातले ४४ पैसे शिल्लक राहिले, आणि ते त्याच्या दुसऱ्या पसंतीकडे गेले. या १८ पैकी ११ मुलांनी दुसरी पसंती फणसाला दिली होती, ६ जणांनी जांभळाला आणि एकाने चिंचेला.

आता मांडणी करा. फणसाचे ५०० अधिक ११ गुणिले ४४, म्हणजे ४८४, एकूण ९८४. जांभळाचे ७०० अधिक २६४, एकूण ९६४. चिंचेचे ६०० अधिक ४४; एकूण ६४४. कडुलिंबाचे ४०० तसेच. १,००१ ला कुणीही पोचले नाही.

वाटण्यासारखी शिल्लक आता कुणाकडे नाही. अशा वेळी सर्वांत खाली असलेला उमेदवार बाद करायचा. तो कडुलिंब. पण त्याच्या चार मुलांनी काय पाप केले? त्यांच्या कागदांवर पुढची पसंती पाहायची. हे कागद कुठेच खर्च झालेले नाहीत, म्हणून ते पुऱ्या शंभर पैशांनी जातील. दोघांची पुढची पसंती फणस, दोघांची जांभूळ. फणस ९८४ अधिक २००, म्हणजे १,१८४. जांभूळ ९६४ अधिक २००, म्हणजे १,१६४. दोघेही कोट्याच्या वर गेले. आंबा, फणस, जांभूळ अशी तीन झाडे ठरली आणि मोजणी संपली.

बघा, पहिल्या पसंतीत चिंचेला ६ मते होती आणि फणसाला ५. तरी फणस आला आणि चिंच राहिली. कारण चिंचेवर जीव असलेली मुले सहाच होती, पण "आंबा नाही तर फणस" म्हणणारी मुले बरीच होती. ही पद्धत माणसाची पहिली आवड विचारतेच, पण दुसरी आवडही विचारात घेते.

गुरुजी, हा खेळ वर्गात करून पाहाच. चाळीस चिठ्ठ्या, फळा आणि खडू एवढ्यावर होतो. नागरिकशास्त्राचा धडा आणि भागाकाराचे गणित एका तासात उरकेल.

आता खऱ्या निवडणुकीकडे वळू. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी निवडणूक झाली. उमेदवार सात आणि मतदार विधानसभेचे आमदार. २८५ आमदारांनी मतदान केले, त्यांतले एक मत बाद झाले, वैध मते राहिली २८४. आपल्या रीतीने कोटा काढा. २८,४०० भागिले ७, अपूर्णांक सोडून ४,०५७, अधिक १, म्हणजे ४,०५८. पहिल्या पसंतीची मते अशी पडली : पीयूष गोयल ४८, अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३ आणि धनंजय महाडिक २७. पहिले पाच जण कोट्याच्या वर गेले. सहावी जागा राहिली पवार आणि महाडिक यांच्यात.

पवारांना ३३ आणि महाडिकांना २७. पारावर बसून कुणीही सांगेल की पवार आले. पण निवडून आले महाडिक. कसे? गोयल आणि बोंडे यांच्याकडे ४,८०० वजा ४,०५८, म्हणजे प्रत्येकी ७४२ शिल्लक होती. ४८ कागदांवर वाटली की दर कागदाला १५ येतात. हे तिघेही एकाच पक्षाचे. त्या ९६ कागदांवरची पुढची पसंती महाडिकांना धरली, तर ९६ गुणिले १५, म्हणजे १,४४० त्यांच्या २,७०० मध्ये मिळतात आणि बेरीज होते ४,१४०. ती कोट्याच्या वर जाते. उलट प्रतापगढी, पटेल आणि राऊत यांच्याकडची शिल्लक थोडी होती. ती सगळी पवारांना मिळाली असे धरले तरी ३,३०० मध्ये ५६४ मिळून ३,८६४ च होतात. कुणाला पहिली मते किती पडली, एवढेच पाहणारा इथे फसतो. आपल्या पक्षाची मते कुणाकडे किती ठेवायची आणि शिल्लक कुणाकडे वळवायची, याचा आधीच हिशेब मांडणारा जिंकतो.

हे झाले आमदारांचे. "आम्हा गावच्या माणसांचा यात काय संबंध?" असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो नीट समजून घ्या.

मानकोलीचा सरपंच किंवा ग्रामपंचायतीचा सभासद विधान परिषदेच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मत देऊ शकत नाही. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतीचे सभासद मत देतात. आपल्याकडे तो हक्क जिल्हा परिषद आणि शहरांच्या संस्था यांच्या सभासदांना आहे. पंचायत समितीचे सभापती जिल्हा परिषदेचे सभासद असल्यामुळे त्यांनाही तो मिळतो.

गावात थेट मत कुणाला आहे? पदवीधरांना आणि शिक्षकांना. ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे मिळून कोकणचा पदवीधर मतदारसंघ आणि कोकणचाच शिक्षक मतदारसंघ होतो. पण शिक्षक म्हटले की सगळे शिक्षक आले, असे समजू नका. माध्यमिक शाळेत किंवा त्यावरच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांत मिळून निदान तीन वर्षे शिकवले असेल, तरच शिक्षक मतदारसंघात मत मिळते. पहिलीच्या पोराला बाराखडी शिकवणाऱ्या प्राथमिक गुरुजींना ते मत नाही. असे का, हा प्रश्न गुरुजींनी विचारण्यासारखा आहे. पण घटनेत तसे लिहिले आहे. मात्र हेच गुरुजी पदवीधर असतील आणि पदवी घेऊन तीन वर्षे झाली असतील, तर पदवीधर मतदारसंघात त्यांना मत मिळू शकते. शेतात राबणाऱ्या, गोदामात हिशेब लिहिणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या पदवीधर मुलीलाही मिळू शकते.

मिळू शकते म्हणालो, आपोआप मिळते असे नाही. ही मतदारयादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या खेपेला नाव होते म्हणून या खेपेला असेलच, असे नाही. विधानसभेच्या यादीत नाव असले तरी इथे वेगळा अर्ज भरावा लागतो : पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९. पात्रता मोजायची तारीख असते १ नोव्हेंबर. अर्ज न भरणारा मतदार मतदानाच्या दिवशी घरी बसतो आणि मग सहा वर्षे वाट पाहतो.

या दोन्ही मतदारसंघांत बहुधा एका वेळी एकच जागा भरायची असते. तेव्हा हिशेब सोपा होतो. कागदाची किंमत एकच धरतात आणि कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्मे अधिक एक. हजार मते वैध असतील तर ५०१. तेवढी पहिल्या पसंतीत कुणाला मिळाली की संपले. नाही मिळाली तर सर्वांत खालचा बाद, त्याचे कागद पुढच्या पसंतीकडे, मग त्याच्या वरचा बाद, असे चालते. खरे सांगायचे तर एका जागेत प्रमाणशीरपणा उरत नाही, एक जागा कुणाला वाटून देणार? पण एक गोष्ट साधते : पाच जणांत मते फुटली म्हणून थोडक्या मतांचा माणूस सहसा निवडून येत नाही. २०२३ साली अमरावती पदवीधर मतदारसंघात पहिल्या पसंतीत कुणालाच कोटा गाठता आला नाही. २ फेब्रुवारीला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशी संपली आणि धीरज लिंगाडे निवडून आले. त्याच निवडणुकीत हजारो मते बाद ठरली, आणि ती सगळी पदवीधरांची होती, हे लक्षात ठेवा!

म्हणून आता कागद कसा भरायचा ते ऐका. मतदान केंद्रावर जे पेन देतात त्यानेच लिहायचे, खिशातले पेन काढायचे नाही. ज्याला पहिली पसंती त्याच्यापुढे १ हा आकडा घालायचा. १ नसेल तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ आणि मत बाद. दोघांपुढे १ घातला तरी बाद. एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही घातले तरी बाद. बरोबरची खूण, फुली, सही, अंगठा, नाव किंवा दोन शब्दांचा आशीर्वाद, यांतले काहीही चालत नाही. आकडा देवनागरी, इंग्रजी किंवा रोमन चालतो, पण तो आकडाच हवा; अक्षरांत "एक" लिहायचे नाही. २, ३ हे पुढचे आकडे घालणे सक्तीचे नाही.

सक्तीचे नाही म्हटल्यावर कुणीतरी कानात सांगतो, "फक्त एक लिहा, दुसरा आकडा घातलात तर आपल्या माणसाचे नुकसान होते." हे खरे नाही. तुमची दुसरी पसंती तुमच्या पहिल्या माणसाच्या विरुद्ध कधीच मोजली जात नाही. तो उभा आहे तोवर तुमचा कागद त्याच्याच गठ्ठ्यात राहतो. तो बाद झाला, किंवा कोटा भरून त्याच्याकडे शिल्लक उरली, तरच दुसरा आकडा पाहतात. दुसरा आकडा घातला नसेल आणि तुमचा माणूस बाद झाला, तर तुमचा कागद तिथेच थांबतो. उरलेल्यांतून निवड करायचे काम मग दुसरेच करतात.

शेवटी एक जुनी गोष्ट सांगतो. १९४६ साली देशाची घटना समिती निवडायची होती. प्रांतांच्या विधानसभांनी ती निवडली, आणि याच एकल संक्रमणीय मताने. कोकणातले आंबडवे हे ज्यांच्या घराण्याचे गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून तेव्हा वाट मिळाली नाही. ते निवडून आले बंगालच्या विधानसभेतून. तिथे जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे थोडे सहकारी त्यांच्यामागे उभे राहिले. त्या सभेत बहुमत त्यांचे नव्हते. पण या पद्धतीत बहुमत लागत नाही, कोट्यापुरती एकजूट लागते. पुढे १९४७ मध्ये ते मुंबईतून निवडून आले आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्या राज्यघटनेत राज्यसभा आणि विधान परिषद यांच्यासाठी ही पद्धत लिहिली आहे, तिच्या शिल्पकाराला घटना समितीचे दार पहिल्यांदा याच पद्धतीने उघडले.

तेव्हा मंडळी, थोडक्यांचाही आवाज सभागृहात पोचावा म्हणून हे एक, दोन, तीन. हक्क असेल त्याने अर्ज वेळेवर भरावा, आणि कागद हातात आला की पहिल्यांदा १ घालावा. हक्क नसेल त्याने हक्क असलेल्या शेजाऱ्याला याची आठवण करून द्यावी. गावात एवढे झाले तरी पुष्कळ झाले.

राम राम.